आयपी पत्ते 'संपणार, संपणार' म्हणजे नेमके कधी?

तिरपागडा
धागा कुरापत काढायलाच काढलाय. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायचे क्रमांक, संपत आल्याची ओरड मी नेटवर्कच्या कामाला लागल्यापासून ऐकतोय. आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी, हे मान्य. पण जाणकारांची भाकिते बघा. १९९० मध्ये फ्रँक सोलेन्स्कींनी हिशेब मांडला की 'क्लास बी'चे, म्हणजे मधल्या मापाच्या गठ्ठ्यांतले, पत्ते मार्च १९९४ पर्यंत आटोपतील. आटोपले नाहीत. २००३ मध्ये जेफ ह्यूस्टन यांच्या आकडेमोडीत अजून दोनेक दशके निघत होती. २००५ मध्ये टोनी हेन म्हणाले, चार-पाच वर्षे. साठा तोच! याला अंदाज म्हणायचे की पंचांग?

रात्रपाळी
आटोपले नाहीत, कारण लोकांनी वेळीच ऐकले. तेव्हा तीनशे पत्ते लागणाऱ्यालाही 'क्लास बी'चा ६५,५३६ चा गठ्ठा मिळायचा, कारण त्याखालचा गठ्ठा २५६ चाच. १९९३ मध्ये सीआयडीआर ही वाटपाची नवी पद्धत आली आणि हवा तेवढा तुकडा कापून देता येऊ लागला. पुढे नॅट आले, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवायची युक्ती. औषध लागू पडले म्हणून रोग नव्हताच, असे म्हणणार का?
आणि १९९४ चे भाकीत तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या गटाने तेव्हा २००५ ते २०११ असा काळ सांगितला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला जगभरचा साठा सांभाळणाऱ्या आयानाने शेवटचे पाच ब्लॉक, म्हणजे सर्वांत मोठे गठ्ठे, पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून टाकले.

तिरपागडा
सहा वर्षांचा पट्टा, आणि तोही जेमतेम काठावर लागला. एवढ्या मोकळ्या मापात मीही भविष्य सांगतो.

शून्यएक
दोघेही भांडताय, पण 'संपणे' कशाला म्हणायचे ते ठरवा की आधी. आयानाचे २०११ ला संपले. युरोपच्या संस्थेने २०१२ मध्ये शेवटच्या ब्लॉकला हात घातला, तरी कणाकणाने वाटत नोव्हेंबर २०१९ पर्यंत तग धरला. उत्तर अमेरिकेचे सप्टेंबर २०१५. यातली खरी तारीख कोणती?
माझ्या मते संपला तो फुकटचा साठा. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर दूरसंचार कंपनी नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे नगाला सव्वाअकरा डॉलर. किंमत लागली की वस्तू संपत नाही, महाग होते. भाकीत करणाऱ्यांनी कोठार मोजले, पण लोकांच्या माळ्यावर काय पडलेय ते मोजले नाही. एमआयटीकडे १.६७ कोटींचा अख्खा ब्लॉक होता. २०१७ मध्ये त्यातला मोठा हिस्सा त्यांनी विकायला काढला.

दाराआडचा
तुमचे चालू द्या. माझ्यापुरते पत्ते कधीच संपलेत. आमचा सेवादाता शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतो. घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही. त्यात परवा एका संकेतस्थळाने मला अडवले, कारण त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कुणीतरी उद्योग केले होते. स्वतंत्र पत्ता मागितला तर दरमहा वेगळे पैसे!

रात्रपाळी
@दाराआडचा, नॅटची ही बाजू खरी आहे. एक चूकही कबूल करतो. साठा आटायच्या आत सगळे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर जातील, असे आम्ही धरून चाललो होतो. १२८ बिटांची ती रचना १९९५ पासून कागदावर आहे. पण जुन्या-नव्याचे थेट बोलणे होत नाही, म्हणून दोन्ही चालवावे लागतात, आणि नॅटवर भागतेय तोवर कोण हलणार? तारीख जमली, माणसे चुकली.

तिरपागडा
आले ना वळणावर! बरे, ते पहिला आकडा २४० किंवा त्यापुढचा असलेले २६.८ कोटी पत्ते नुसते राखीव पडलेत. ते खुले करा, मिटले भांडण.

शून्यएक
ते सोळा ब्लॉक होतात. एकट्या २०१० सालात आयानाकडून एकोणीस उठले होते. भागाकार तुम्हीच करा. आणि हे पत्ते दिसताच कानावर हात ठेवणारी जुनी यंत्रे आधी बदलून या.