कामचुकार कर्मचाऱ्याला थेट घरी का पाठवत नाहीत?

त्रस्त_नागरिक: दाखल्यासाठी महिनाभर हेलपाटे. लोक एवढे चिडलेत, तरी कारवाई म्हणजे फक्त निलंबन?

आस्थापना_शाखा: निलंबन ही शिक्षाच नाही, निर्वाह भत्ता चालू राहतो. बडतर्फीला राज्यघटनेच्या कलम 311 नुसार दोषारोप, चौकशी, बचावाची संधी लागते. चौकशी घाईत गुंडाळली की साहेब मॅटमधून (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आदेश आणून पुन्हा खुर्चीवर.

पोचपावती: शिव्या घालण्यापेक्षा लोकसेवा हक्क कायदा, 2015 वापरा. अर्जाची तारखेसकट पोच घ्या. मुदत उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड 500 ते 5000 रुपये. पोचच नसेल तर मुदत मोजणार कुठून? अपील तिथेच आपटतं.

सातबारा: थेट घरी पाठवा म्हणणाऱ्यांनी रिक्त पदंही बघावीत. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे (गावांचे गट), वर पंचनामे आणि निवडणुकीचं काम. दाखला रखडणारच. (आळशी आहेतच, नाही कोण म्हणतो?)