मदत हवी आहे: कालवडीला किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागली, आता उरलेल्या ज्वारीचं काय करू?

नमस्कार मंडळी. शेती सिन्नर तालुक्यात, मी नोकरीपायी नाशिकला. उन्हाळी चाऱ्याची ज्वारी कापून खोडवा तसाच सोडला होता. पावसानं ओढ दिली, फुटवे जेमतेम वीतभर, आणि गेल्या आठवड्यात कालवड त्यात शिरली. अर्ध्या तासात धापा, तोंडाला फेस, मग आडवीच. आजी लांबूनच म्हणाली, "किराळ लागली." डॉक्टर वेळेत पोचले, शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट दिलं, म्हणून वाचली. रक्त भडक लाल होतं. सायनाइडमुळे पेशींना रक्तातला ऑक्सिजन वापरताच येत नाही म्हणे.

तेव्हापासून वाचतोय (रसायनशास्त्र बारावीला सुटलं, सांभाळून घ्या). ज्वारीच्या पानात धुरिन नावाचं, सायनाइड दडलेलं द्रव्य असतं. त्याला साखर चिकटलेली असते तोवर ते गप्प. ते राहतं पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत, आणि ती साखर तोडणारं धुरिनेज हे विकर (एन्झाइम) आतल्या पेशींच्या हरितलवकात. जनावरानं पान चावलं की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. म्हणजे विष झाडानं आधी करून ठेवायचंच नाही, खाणाऱ्याच्याच दातांनी कालवून घ्यायचं! कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही असंच, विकर तेवढं वेगळं.

अडलंय ते पुढे. अण्णा म्हणतात, कडबाकुट्टीत बारीक करून तासभर पसरलं की विष उडून जातं. कुट्टी म्हणजे एक प्रकारचं चावणंच, म्हणून पटतं. पण वाळल्या कडब्यानं काही होत नाही ते विष उडाल्यामुळे की विकर मेल्यामुळे? विकरच मेलं असेल तर धुरिन शिल्लक राहिलं ना?

प्रतिसाद:
दादा, शंका रास्त आहे. साखर तोडणारी विकरं गाईच्या कोठीपोटातल्या जंतूंकडेही असतात, म्हणून पानातलं विकर मेलं तरी निर्धास्त राहू नका. कडबा चालतो कारण तो पिकलेल्या ज्वारीचा, त्यात धुरिन मुळात कमी, आणि वाळताना बराच सायनाइड उडून जातो. वीतभर फुटव्यांची कुट्टी तासभर पसरून घालणं हा जुगार आहे, अण्णांना नीट समजवा. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. बाजरीत धुरिन नसतं, फक्त तिच्यात नायट्रेट साठू शकतं. आणि एक सांगा, खोडव्याला युरिया टाकला होता का? पाण्याचा ताण आणि वर युरिया असेल तर धुरिन आणखी वाढतं.

धागाकर्ता:
आभारी आहे ताई. फोन करून विचारलं, टाकला होता. कापणी झाल्या झाल्या, पाऊस येईल या भरवशावर. खोडवा उद्याच नांगरून टाकतोय. पण बांधावरून शेजाऱ्यांच्या शेळ्याही येतात, त्यांना आजच सांगून ठेवतो.