गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या दुपारीच उतरतात, संच बदलावा का?

प्रश्न: वेरूळजवळच्या रिसॉर्टवर ४८ व्होल्टची कार्ट आहे. ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, वापर दीड वर्षाचा. रात्रभर चार्ज करूनही दुपारी गाडी चढावर दम तोडते. पाणी बोअरचंच, पण फिल्टर करून, चार्जिंगला लावायच्या आधी भरतो.

उत्तर: दादा, ते पाणी आधी बंद करा. आपल्याकडच्या बोअरला क्षार फार, साध्या फिल्टरनं ते पुरते जात नाहीत. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि चार्जिंग झाल्यावर, भरायच्या नळीच्या तळापासून ५-६ मिलिमीटर खाली. आधी भरलं की चार्ज होताना पातळी चढते, ॲसिड बाहेर सांडतं आणि तेवढी ताकद कायमची जाते. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी त्या बुडतील एवढं घाला. वरून ॲसिड ओतू नका.

उत्तर: बदलायची घाई नको. पूर्ण चार्जनंतर गाडी चार-पाच तास उभी ठेवून हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायचं साधन) सगळे २४ सेल (प्रत्येक बॅटरीतले चार-चार कप्पे) मोजा. १.२६५ च्या आसपास हवं. एखादाच सेल ०.०५० नं मागे असेल तर बहुतेक तीच बॅटरी खराब. सगळेच कमी असतील तर बहुतेक प्लेटांवर सल्फेटचा थर जमलाय. चार्जरला इक्वलाइजची (मुद्दाम थोडं जास्त चार्ज करून सगळे सेल सारखे करायची) सोय असेल तर ती लावा, तासातासाला मोजा, आकडा वाढायचा थांबला की बंद. मे महिन्यात हे रात्रीच, उघड्या शेडमध्ये करा. हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी अजिबात नको.

उत्तर: टर्मिनलही बघा. पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मात्र झाकणं घट्ट लावून. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं.