गरोदरपणातील मशेरी: समजावण्यापलीकडे काय करता येईल?

रानजाई:
मी ग्रामीण भागात आशा स्वयंसेविका आहे. माझ्याकडे नोंद असलेल्या एका गर्भवतीला पाचवा महिना लागला असून ती दिवसातून पाच-सहा वेळा मशेरी लावते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही आणि डोके जड राहते, असे ती सांगते. बाळाला अपाय होतो हे मी तिला प्रत्येक भेटीत ऐकवले. परिणाम एवढाच, की आता मला पाहताच ती डबी लपवते. औषधांशिवाय, केवळ वर्तनोपचाराने ही सवय सुटू शकते का?

सदाफुली (तंबाखूमुक्ती समुपदेशक):
सुटू शकते, मात्र अपाय ऐकवणे हा उपचार नव्हे. मुंबईतील 1217 गर्भवतींच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले आणि त्यांतील बहुतेकी मशेरीच लावत होत्या. पण हा आकडा तुमच्या माहितीसाठी आहे, तिला धाक घालण्यासाठी नाही. आधी आठवडाभर तिने मशेरी लावताना प्रत्येक वेळी एक चिंचोका वाटीत टाकावा आणि ती वेळ कोणती होती, हे तुम्हाला सांगावे. सकाळी परसाकडे जाण्यापूर्वीची, जेवणानंतरची, दुपारी एकटी असतानाची अशा वेळा वेगळ्या काढल्या, की प्रत्येकीला निराळा पर्याय शोधता येतो. सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवून पाहावी, कारण तंबाखू सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता खरोखरच वाढते. गरोदरपणात शरीर निकोटीन अधिक वेगाने बाहेर टाकते, त्यामुळे तलफ लवकर येते. तिला मनाची दुबळी ठरवू नये.

कोकणकडा:
अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात धूम्रपान करणाऱ्या गर्भवतींना चाचणीत निकोटीन न आढळल्यास खरेदीची कुपने देण्याची पद्धत अभ्यासली गेली. कुपनाची रक्कम प्रत्येक यशस्वी चाचणीनंतर वाढते आणि चुकल्यास पुन्हा मूळ रकमेवर येते. आपल्याकडे अडचण पडताळणीची आहे: मशेरी लावताना काही जळत नसल्याने श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारी फुंकरीची चाचणी निरुपयोगी ठरते, निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीनच लघवीत तपासावे लागते. तरीही बचत गटाने आठवड्याला बाळाचे एखादे झबले दिले आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, तर मला ते गैर वाटत नाही.

सदाफुली:
घरात मशेरी कोण भाजते, हेही विचारा. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास दररोज येत असेल, तर सासूबाईंना सोबत घेतल्याशिवाय एकट्या सुनेचा निश्चय टिकणे अवघड आहे.

रानजाई:
आठवडाभराचे चिंचोके मोजले. सर्वाधिक रात्रीचे निघाले, आणि तेव्हा कुठे तिने दाढ ठणकत असल्याचे सांगितले. मशेरीने तेवढ्यापुरती दाढ बधिर होते.

सदाफुली:
मग आधी दंतवैद्याकडे न्या. गरोदरपणात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, दातांचे उपचार सुरक्षितपणे करता येतात. सोडण्याची तारीख त्यानंतरची ठरवा.