मदत हवी आहे: रत्नागिरीसमोरच्या समुद्रातल्या गाळात इलाइट (अभ्रकासारखं चिकणमातीचं खनिज) आलं कुठून?

नमस्कार मंडळी, एमएस्सी जिओलॉजीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे आणि डिझर्टेशन एका जागी अडकलंय, कोणी सागरी गाळावर काम केलेलं असेल तर प्लीज वाचा.

रत्नागिरीसमोर आउटर शेल्फवरच्या (उथळ समुद्रतळाचा बाहेरचा भाग) कोअरचे, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळ्याचे, सॅम्पल आहेत. २ मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढून एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी) केलं, आधी नुसती वाळवलेली स्लाइड, मग ग्लायकॉल देऊन, मग ५५० डिग्रीला तापवून. ग्लायकॉलनंतर पहिला पीक १४-१५ अँगस्ट्रॉमवरून (हे खनिजाच्या थरांमधलं अंतर) १७ वर गेला म्हणजे स्मेक्टाइट, हे फुगणारं चिकणमातीचं खनिज, त्याचं टेन्शन नाही, मागे अख्खा डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट आहे आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तीही स्मेक्टाइटमुळेच. ७ चा पीक जांभ्यातल्या केओलिनाइटचा (हेही चिकणमातीचं खनिज) धरलाय.

पण १० ला चांगला ठसठशीत इलाइट येतोय, ग्लायकॉल दिलं तरी जागचा हलत नाही. आता बेसॉल्टमध्ये अभ्रक नाही तर हे येणार कुठून? सर म्हणतात, "सिंधू लिही आणि मोकळी हो." अहो पण सिंधूचं मुख कराचीजवळ, तिथला गाळ इथवर येतो हे व्हायव्हात पटवू कसं?

प्रतिसाद १
अंतराचं सोडा, बारीक चिकणमाती पाण्यात तरंगत लांबवर जाते आणि नैर्ऋत्य मान्सूनमध्ये किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडेच असतो. हिमालय-काराकोरमकडून सिंधू इलाइटबरोबर क्लोराइट हे दुसरं चिकणमातीचं खनिजही आणते, आणि क्लोराइटचा दुसरा पीक नेमका ७ लाच बसतो! तेव्हा टू थीटा (एक्सआरडीचा कोन) २४ ते २६ मध्ये एकदम स्लो स्कॅन मारा, ३.५८ ला केओलिनाइट, ३.५४ ला क्लोराइट असे सुटे दिसतील. तापवलेल्या स्लाइडवर १४ ला काही उरलंय का तेही बघा, उरलं तर क्लोराइट. मात्र इलाइट त्या स्लाइडवरून मोजू नका, तापल्यावर स्मेक्टाइट पण १० वर येऊन बसतं. आणि १०.५ ला पीकला खांदा (बाजूचा फुगवटा) दिसला तर पॅलिगॉर्स्काइट हे खनिज, म्हणजे अरबस्तानची धूळ, ती वाऱ्याने येते.

प्रतिसाद २
कोकण म्हणजे सगळा बेसॉल्ट नव्हे हो ताई. खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात ट्रॅपच्या खालचे जुने शिस्ट, ग्रॅनाइट उघडे पडलेत, तिथे अभ्रक हवं तेवढं. हिवाळ्यात किनारी प्रवाह उलटा उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे दक्षिणेकडचा माल पण येऊ शकतो. सिंधू लिहायच्या आधी रत्नागिरीची काजळी आणि सिंधुदुर्गातली कर्ली या नद्यांच्या खाडीतला गाळ आणून तोच एक्सआरडी करा, नाहीतर एक्स्टर्नल पहिला हाच प्रश्न टाकणार.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! भाट्याला जाऊन काजळीचा गाळ आणते, कर्लीचं बघते जमतंय का. अजून एक, खनिजांच्या टक्केवारीसाठी १७ च्या पीकच्या एरियाला १, १० ला ४ आणि ७ ला २ ने गुणलंय, चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल, सगळे तेच वापरतात. फक्त ते टक्के सापेक्ष आहेत, स्मेक्टाइट वाढलं की इलाइट आपोआप कमी दिसतं, म्हणून ग्राफ इलाइट-स्मेक्टाइट गुणोत्तराचा काढा.