धंदा बंद झाला, टॅक्स मात्र चालूच राहिला: तुमचे अनुभव लिहा

फ्लेक्सवाला_म्हापसा

आपल्याकडे धंदा बुडाला की लोक बँकेच्या हप्त्याबद्दल बोलतात, भाड्याबद्दल बोलतात, पण थकलेल्या टॅक्सबद्दल घरातसुद्धा कोणी तोंड उघडत नाही, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी जमेल तसं लिहा. नाव-गाव नको, पण काय केलं आणि कितीला पडलं ते नक्की लिहा. सुरुवात माझ्यापासून.

म्हापशात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान होतं, ११ वर्षं. जत्रेचे, कालोत्सवाचे, नाटकांचे, वाढदिवसांचे बॅनर. मार्च २०२० ला सगळं थांबलं. जूनपर्यंत वाट बघितली, मग मशीन भावाच्या पडवीत आणून ताडपत्रीखाली ठेवली आणि शटरची चावी मालकाला देऊन टाकली. माझ्या डोक्यात धंदा तिथे संपला. विक्रीच नाही तर जीएसटीचं रिटर्न कसलं भरायचं, असं मला खरंच वाटत होतं. पोर्टलवर ईमेल होता जुन्या अकाउंटंटचा आणि मोबाइल दुकानातल्या पोराचा, तो तर आधीच बेळगावला परत गेलेला. सगळ्या नोटिसा त्या दोघांना जात राहिल्या.

मला कळलं २०२२ च्या चवथीला. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांचं) सामान घ्यायला आम्ही दोघं बाजारात गेलो, बायकोच्या हातात तोरंजन आणि सुपारीचा घोस, आणि एटीएम पैसेच देईना. खात्यात २३ हजार होते. बँकेत गेलो तर म्हणाले, जीएसटी खात्याचं पत्र आलंय, अकाउंट अटॅच आहे, म्हणजे गोठवलंय. बायकोला मी बाहेर येऊन सांगितलं की मशीन बिघडलंय. ते खोटं मला अजून टोचतं.

झालं होतं असं की रिटर्न भरली नाहीत म्हणून अधिकाऱ्याने जुन्या विक्रीवरून अंदाज बांधून एएसएमटी-१३ च्या ऑर्डरी काढल्या होत्या, एप्रिल ते डिसेंबर २०२० अशा नऊ महिन्यांच्या, आणि मग जीएसटी नंबर रद्द केला होता. मी एक रुपयाचा बॅनर छापला नाही त्या महिन्यांचा पावणेचार लाख टॅक्स. नशीब की २०२३ ला सवलत आली, जुनी रिटर्न मुदतीत भरली तर त्या अंदाजाच्या ऑर्डरी मागे घेतल्या असं धरणार होते. नऊ निल, म्हणजे शून्य विक्रीची, रिटर्न भरली. ऑर्डरी गेल्या, खातं सुटलं, पण लेट फी राहिली. निल रिटर्नला दिवसाला २० रुपये, त्या काळातल्या रिटर्नला कमाल १० हजार, म्हणजे नऊ महिन्यांचे ९० हजार. फायनल रिटर्न जीएसटीआर-१० ची लेट फी सवलतीत १ हजार. वर मशीन घेताना भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेतलं होतं ८१ हजारांचं, ते पाच वर्षांवर धरतात, त्यातले २७ महिने उरले होते, त्याचे ३६,४५० परत. एकूण १,२७,४५०, मेव्हण्याकडून उसने घेऊन.

आणि निल ३बी, म्हणजे दर महिन्याचं ते रिटर्न, तर जून २०२० पासून १४४०९ वर एसएमएस करून भरता येत होतं! महिन्याला दोन मेसेज. हे मला तेव्हा एका माणसाने सांगितलं असतं तर.

टिपर_साखळी

तुझं वाचून लिहायचं धाडस झालं. माझी गोष्ट खाणीची, त्यामुळे जीएसटीच्या आधीची.

चार टिपर होते, दोन पूर्ण कर्जावर. २०११-१२ चा सीझन चांगला गेला. त्या वर्षाचं आयकराचं रिटर्न २०१२ च्या ऑगस्टमध्ये भरलं पण टॅक्स भरला नाही, कारण पावसाळ्यात हातात पैसा नसतो, पाऊस गेला की ट्रिपा सुरू होतील मग भरू असा हिशोब, दरवर्षी तसंच चालायचं. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ट्रिपा सुरू झाल्याच नाहीत. टिपर घरासमोर उभे, टायरमधून गवत वर आलेलं, त्यातले दोन बँकेने ओढून नेले. टॅक्स कोणाच्या डोक्यात असणार?

डिमांड ६२ हजारांची होती. महिन्याला १ टक्का व्याज म्हणजे कमी वाटतं, पण मी नऊ वर्षं कागद बघितला नाही, २०२२ ला बघितलं तर १ लाख २८ हजार. मधल्या वर्षांत ड्रायव्हरची नोकरी करत होतो, तिथला कापलेला टीडीएस रिफंड मिळायला हवा होता तो दरवर्षी ह्या डिमांडमध्ये वळता होत होता आणि मी म्हणायचो रिफंड का येत नाही.

शेवटी पणजीला पाटोवर आयकर भवनात गेलो. पाय थरथरत होते हे लिहायला लाज वाटत नाही. अधिकाऱ्याने अर्ज लिहायला सांगितला, दहा हप्ते करून दिले. व्याजमाफीचा वेगळा अर्ज असतो हेही तिथेच कळलं, २२०(२ए) म्हणतात, वरच्या आयुक्तांकडे जातो, त्यात दाखवावं लागतं की खरी अडचण होती, कारण आपल्या हातातलं नव्हतं आणि आपण सहकार्य केलं. खाण बंदीचा आदेश जोडला, बँकेने टिपर ओढून नेल्याचं पत्र जोडलं. पूर्ण नाही पण बरंचसं व्याज गेलं. पुढच्या वर्षाची ७,४०० ची एक छोटी डिमांड होती ती २०२४ च्या बजेटमधल्या जुन्या छोट्या डिमांडच्या माफीत आपोआप गेली, त्या काळातल्या १० हजारांपर्यंतच्या नोंदी काढून टाकल्या त्यांनी.

आमच्या भागात असे अजून कितीतरी जण आहेत. टिपर गेला ते सांगतात, ह्याबद्दल गप्प.

माडाखाली_मडगाव

पार्टनरशिपवाल्यांनी हे वाचाच.

मी आणि एक मैत्रीण लग्नाच्या डेकोरेशनचं काम करायचो. डिसेंबर २०१८ ला मी बाहेर पडले, स्टॅम्प पेपरवर लिहिलं, नोटरी केली, जेवून गोडीत वेगळ्या झालो. जीएसटी खात्याला कळवायचं असतं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पार्टनर बाहेर पडल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी कळवायला हवं, नाही कळवलं तर कळवेपर्यंतची जबाबदारी आपल्यावर राहते. २०२४ ला मला नोटीस, २०१९-२० च्या टॅक्सची, १ लाख ७४ हजार, आणि व्याज-दंड वेगळे. ती तोपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली. नवरा म्हणाला, तू तर तेव्हा कामातही नव्हतीस. नव्हतेच, पण कागदावर होते!

रात्री दोन वाजता तिला फोन केला, ती रडली, मी रडले. खरं सांगते, मला वाटलं होतं ती फोन उचलणारच नाही. तिने तिकडून ९० हजार पाठवले, बाकीचे मी घातले. २०१७-१८ ते २०१९-२० च्या वर्षांसाठी १२८ए ची योजना होती, मूळ टॅक्स ३१ मार्च २०२५ च्या आत भरला तर व्याज आणि दंड माफ. आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भरला.

फोंडेकरीण

माझे मिस्टर इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर होते. मे २०२१ ला कोविडमध्ये गेले. धंद्यातलं मला काहीही माहीत नव्हतं, बिलं सगळी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, त्याला रबर लावलेलं. वर्षभराने जीएसटी खात्याचं पत्र आलं. सासरच्यांपैकी एकाने सांगितलं की आता तुझं मंगळसूत्रसुद्धा जाईल, आणि मी तीन रात्री झोपले नाही.

तसं नसतं. धंदा बंद झाला असेल तर वारसाची जबाबदारी गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते, माझं स्वतःचं सोनं किंवा माझा पगार त्यात येत नाही. आयकरातही तसंच. हे मला शाळेतल्या एका सहशिक्षिकेच्या भावाने समजावलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवले.

खरा त्रास ओटीपीचा झाला. लॉगिन त्यांच्या मोबाइलवर, आणि ते सिम रिचार्ज नाही म्हणून बंद पडलेलं. मृत्यूचा दाखला, माझं आधार, वारसाचं प्रतिज्ञापत्र घेऊन ऑफिसात दोन फेऱ्या मारल्या तेव्हा माझा मोबाइल नंबर लागला, मग जीएसटी नंबर रद्द करायचा अर्ज करता आला. घरात असं कोणी गेलं असेल तर ते सिम बंद होऊ देऊ नका, छोटा रिचार्ज मारत राहा. त्यांचा मेसेज टोन अजून तोच ठेवलाय मी.

खातेवही_वास्को

मी अकाउंटचं काम करतो, वर चाललेल्या गोष्टी रोज बघतो. दोन-तीन गोष्टी घालतो, कारण ह्यात लोक फसतात.

जीएसटीच्या थकबाकीला २४ पर्यंत मासिक हप्ते मिळू शकतात, डीआरसी-२० मध्ये अर्ज करायचा. पण तुम्हीच रिटर्नमध्ये दाखवलेला टॅक्स असेल तर त्याला हप्ते नाहीत, आणि मिळालेला एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मागा, अधिकाऱ्यासमोर मोठेपणा नको. दुसरं, २०२५ पासून तीन वर्षांपेक्षा जुनी जीएसटी रिटर्न पोर्टल घेतच नाही, तेव्हा पुढच्या सवलतीची वाट बघत बसू नका. तिसरं, इन्कम टॅक्सचं रिटर्न तोट्याच्या वर्षीच जास्त गरजेचं असतं, वेळेत भरलं तर धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, उशीर झाला की तो हक्क गेला. तोटा झाला म्हणून रिटर्न न भरणारी माणसं बघून मला वाईट वाटतं.

हणजुणे_कॅफे

मी २७ वर्षांचा. दोन सीझन कॅफे चालवला, मे २०२४ ला बंद केला. बिलावर ५ टक्के जीएसटी घेत होतो लोकांकडून, शेवटचे पाच महिने तो भरला नाही, त्यातून मुलांचे पगार दिले. फ्रीजवर चार पाकिटं आहेत, उघडलेली नाहीत. आईला वाटतं वीज बिलं आहेत. मला जेलमध्ये टाकतील का?

खातेवही_वास्को

बाबा, पाच महिन्यांच्या कॅफेच्या टॅक्ससाठी कोणी जेलमध्ये टाकत नाही, त्या कलमांच्या रकमा कोटींत आहेत. पण गिऱ्हाइकाकडून घेतलेला टॅक्स हा तुझा पैसा नव्हता, तो भरावाच लागेल, १८ टक्के व्याजासकट. त्या मुलांचे पगार बुडवले नाहीस हे मी माणूस म्हणून चांगलंच म्हणेन, खात्याला मात्र ते कारण चालत नाही. पाकिटं आजच उघड. नोटिशीला उत्तराची तारीख असते.

फ्लेक्सवाला_म्हापसा

एकट्याला जमत नसेल तर मी येतो. हणजुणे मला पंधरा मिनिटं. आणि आईला सांग रे, मी बायकोला सांगितलं नाही ते फार महाग पडलं.

हणजुणे_कॅफे

उघडली. आईसमोरच. एक पंचायतीचं ट्रेड लायसन्सचं, एक खरंच वीज खात्याचं, एक बँकेचं. टॅक्सचं एकच, ६८ हजार अधिक व्याज. मी मनात चार-पाच लाख धरून बसलो होतो. उत्तराची तारीख १४ आहे, आज २. आई म्हणते शनिवारी तुम्ही जेवायलाच या, कागद नंतर बघू.