बॉक्सिंगमध्ये पुढचा हात खाली ठेवावा का? (चर्चा)

पायचाल:
नव्या पोरांत सध्या एक खूळ दिसतं. बॉक्सर फ्लॉइड मेवेदरच्या क्लिप बघायच्या आणि पुढचा हात (उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा) पोटाशी सोडून रिंगमध्ये मिरवायचं. प्रशिक्षक "हात वर!" म्हणून ओरडून थकतात. तरी मी या पवित्र्याच्या बाजूने आहे. खालून निघालेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नजरेच्या रेषेखालून येतो, उशिरा दिसतो. खांदा आवळलेला राहत नाही, त्यामुळे हात चाबकासारखा सुटतो. थॉमस हर्न्सचा जॅब आठवा. शिवाय समोरचं स्वच्छ दिसतं आणि पोटही झाकलं जातं.

कडक गार्ड:
सपशेल असहमत. हात पोटापासून हनुवटीपर्यंत येईतो ठोसा बसलेला असतो. बॉक्सर जो लुईस जॅब मारून हात खालूनच मागे आणायचा. श्मेलिंगने ते हेरलं आणि १९३६ साली नेमक्या त्या फटीतून उजवे ठोसे घालून त्याला बाराव्या फेरीत झोपवलं. जिथे लुईस सापडला तिथे नवख्यांचं काय?

पायचाल:
ते वेगळं. लुईसचा हात जॅबनंतर पडायचा. इथे तो आधीपासून, अंतर राखून, मुद्दाम खाली असतो.

कडक गार्ड:
जबड्याला हा फरक कळत नाही हो! अली घ्या. १९६३ साली हेन्री कूपरच्या डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) खाली, १९७१ साली फ्रेझरच्या डाव्या हूकने पुन्हा खाली.

कोपऱ्यातला:
थांबा, समोरच्याचा डावा हूक आपल्या उजव्या गालावर येतो. तिथली राखण मागच्या हाताची. अलीचं ते पाप पुढच्या हाताच्या माथी मारू नका. पुढचा हात खाली ठेवण्याची खरी किंमत म्हणजे उजवा क्रॉस, मागच्या हाताचा सरळ ठोसा. फिली शेल या मेवेदरच्या पवित्र्यात त्याची सोय आहे. डावा हात पोटावर आडवा, डावा खांदा उचललेला, हनुवटी त्याच्या आड, उजवा तळवा हनुवटीशी. क्रॉस आला की कमरेतून वळायचं, ठोसा खांद्यावरून घसरून जातो. पोरं हात तेवढा खाली घेतात आणि खांदा विसरतात, सगळा घोळ तिथे आहे. अर्थात खांदाही दरवेळी पुरत नाही. २०१० साली मोझलीच्या उजव्याने दुसऱ्या फेरीत खुद्द मेवेदरचे गुडघे लटपटले होते. मग त्याने मिठी मारली, सावरला आणि लढत गुणांवर जिंकला.

डावखुरी:
मी साउथपॉ, म्हणजे उजवा हात पुढे ठेवणारी. समोर असा खांदेवाला आला की मला बरंच वाटतं. माझा पुढचा उजवा हूक त्याच्या डाव्या गालावर जातो, आणि तिथे हात नसतोच. मागचा डावा येतो दुसऱ्याच रेषेतून, त्याला तो खांदा आडवा येत नाही. त्यामुळे हा पवित्रा चांगला की वाईट, हे आधी समोर कोण उभं आहे ते बघून बोला.

कडक गार्ड:
बरं, हूक सोडा. वयाचं काय? रॉय जोन्स वर्षानुवर्षं हात खाली सोडून नाचला, कारण प्रतिक्षेप अफाट. २००४ साली पस्तिशीत टार्व्हरने दुसऱ्याच फेरीत आडवा केला. हात वर ठेवायची सवय म्हातारी होत नाही.

पायचाल:
म्हणून माझ्या पोरांना मी एवढंच सांगतो, ठोशाच्या टप्प्याबाहेर हात खाली, टप्प्यात शिरलात की वर.

कडक गार्ड:
आणि टप्पा कुठे सुरू होतो, हे नवख्याला कळणार कसं? नाकावर जॅब बसल्यावर?